आई कुठं निघाली होती

डॉक्टर मॅडम यांना नमस्कार,

परवा रिपोर्ट पाहून तुम्ही आईला म्हणालात, "तुम्ही चालतच नाही." ती रोज चालत होती, मॅडम. पण आमच्या मोरिवलीत बायका कामाशिवाय बाहेर पडत नाहीत. कोणी विचारलं की आई म्हणायची, "दुकानात चाललेय." मग ते खोटं ठरू नये म्हणून खरंच दुकानात जायची, खारी आणायची आणि वाया जाऊ नये म्हणून चहासोबत खायची. हे तुमच्यासमोर तिला सांगवलं नाही.

आज ती पिशवी न घेता निघाली. काळजी वाटली म्हणून मी मागोमाग गेले. शेजारच्या गोदूकाकींनी ओट्यावरूनच हाक मारली, "रिकाम्या हाती कुठं निघालीस गो?"

मला वाटलं, आता पुन्हा खारी.

"कुठं नाय. माझ्यासाठी चालतेय."

"नवऱ्याशी भांडलीस काय?"

"भांडले असते तर तुझ्याकडंच आले असते. शुगर आहे मला."

सगळ्या आळीला ऐकू गेलं. काकी हळूच म्हणाल्या, "थांब, मला पण हाय. चप्पल घालते."

हे पत्र मी पाठवणार नाही. पुढच्या वेळी आई स्वतःच सांगेल.

तुमच्या पेशंटची मुलगी,
जिज्ञासा