तिची युक्ती, माझं नाव

११ नोव्हेंबर
माझं नाव लागलं. एप्रिलपासून एक सेमिस्टर जर्मनीत. एम.एस्सी. गणिताच्या आमच्या वर्गातून एकच नाव जाणार होतं आणि अर्ज दोनच होते. माझा आणि अश्विनीचा.
विभागप्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. "मार्क दोघींचे सारखेच. पण तुझ्या प्रोजेक्टमधली ती जोड्यांची युक्ती वाचली आणि ठरवलं. असं सुचायला लागतं, शिकवून येत नाही."
थँक्यू मॅडम, म्हणाले. आणि बाहेर आले.
आईने खांदा कॉलनीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. तळमजल्यापासून.

१२ नोव्हें.
इथे तरी लिहून टाकते.
युक्ती अ.ची आहे. ऑगस्टमधली गोष्ट, वडाळे तलावाच्या कट्ट्यावर. दोन प्रकारच्या मांडण्यांची संख्या सारखीच येते हे सिद्ध करायचं होतं. मी नुसती मोजत सुटले होते. दोन आठवडे अडकलेली. अ. शेजारी कणीस खात होती. माझ्या वहीकडे जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मोजतेस कशाला? जोड्या लाव ना. ह्यातली एक, त्यातली एक. कुणी एकटं उरलं नाही तर संख्या सारखी. झालं की!" आणि जोड्या कशा लावायच्या तेही बोटाने दाखवलं. मग पुन्हा कणीस.
प्रोजेक्टच्या आठ पानांतली सात माझी. खरंच माझी, रडून रडून लिहिलेली. पण ते एक पान काढलं तर बाकीची सात…
आभारात ओळ होती. 'ही कल्पना माझी मैत्रीण अश्विनी हिची.' अर्ज पाठवायच्या दिवशी मीच काढली. अर्ज तिचाही आहे, उगाच गोंधळ होईल, असं स्वतःला सांगितलं. गोंधळ! काय शब्द शोधला मी.

१४ नोव्हें.
अ. तीन दिवसांनी कॉलेजला. म्हणाली, ताप होता. डोळे आत गेलेले. अभिनंदन म्हणाली, हात हातात घेतला. "तिकडून बर्फाचे फोटो पाठव."
एप्रिलमध्ये बर्फ नसतो, मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.
मग ती: "प्रोजेक्ट वाचायला दे ना तुझा. कशाने हरले ते तरी बघू दे."
देते, म्हणाले. फाईल फोनमध्येच होती. चार्जिंग नाही, म्हणाले. ७२ टक्के होतं.

१६, रविवार
बाबांनी बॅग आणली. निळी, चाकांची. हॉलमधून किचनपर्यंत ढकलून दाखवली, परत आणली, परत नेली. "बघ, बोटाने चालते!" बेलापूरच्या त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. साहेबांच्या ड्रायव्हरलासुद्धा.
मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, एक्साइटमेंट.

१९ नोव्हें.
अ.ने फाईल पुन्हा मागितली नाही. मागितली असती तर बरं झालं असतं. टॉपॉलॉजीच्या लेक्चरला दोन बाक पुढे बसली. तिच्या वेणीकडे बघत तासभर काढला. काय शिकवलं, विचारू नये.
सांगायचं ठरवलंय. रविवारी. तिच्या घरी जाऊन.

२३, रविवार
अ.च्या गावी, चिरनेरला जाऊन आले. बसमध्ये वाक्य तयार केलं, खोडलं, परत केलं.
दारात तिची आई. काकींना मी पहिल्यांदाच भेटले, पण त्या मला ओळखत होत्या. "तू मृणू ना? ये गो बाय. आमची अश्वी सारकी तुजंच सांगते. भाकर खाल्ल्याबिगर जायाचं नाय." तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. ताटात वाढतच राहिल्या. अ.चे वडील आयुष्यभर मिठागरावर राबले. आता गुडघे गेलेत, ओटीवर बसून असतात. कॉलेजपर्यंत पोचलेली घरात अ. पहिलीच.
काकी म्हणाल्या, "आमाला त्यातलं काय कलत नाय. पन नाव नाय आलं तवा दोन दिस पोरीनं तोंडात घास नाय घेतला."
"आई, गप ना!" अ. आतून ओरडली.
म्हणजे ताप नव्हता.
जेवण झाल्यावर परसात गेलो. अ. दोरीवरचे कपडे काढत होती. बसमधलं वाक्य आठवलंच नाही. म्हणाले, "ती युक्ती तुझी आहे. मी माझी म्हणून दिली."
तिचे हात थांबले नाहीत. "माहितीये."
?
निकालाच्या दिवशीच मॅडमनी तिला माझा प्रोजेक्ट वाचायला दिला होता. असं लिहायचं असतं बघ, म्हणून.
"मग माझ्याकडे का मागितलास?"
"बघत होते, देतेस का."
विचारलं, मॅडमना का नाही सांगितलंस? म्हणाली, "मी सांगून काय दिसलं असतं? हरली म्हणून बोंबलते. सांगायचं तू होतंस, मृणू."
निघताना काकींनी तांदळाचं पीठ बांधून दिलं. घेतलं. नको कसं म्हणणार.

२४ नोव्हें.
मॅडमना सांगितलं. बस म्हणाल्या, बसले नाही.
"आभारात ओळ आधी लिहिली होतीस?"
हो.
"आणि मग काढलीस."
हो.
"विसरली असतीस तर मी समजू शकले असते." चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, तुझं नाव मागे घेते. अश्विनीचं चालेल का, विचारते जर्मनीवाल्यांना. पण हो म्हणतीलच असं नाही. तुझ्यामुळे दोघींचंही जाऊ शकतं, कळतंय का तुला?
घरी सांगितलं. आई: "कुणी विचारलं होतं का तुला? गप्प बसली असतीस तर…" मग स्वतःच थांबली, भांडी आवरायला लागली.
बाबांनी टीव्ही बंद केला. "त्या मुलीच्या आईवडलांना काय सांगितलंस?"
"काही नाही. जेवून आले."
बाबा उठून गॅलरीत गेले. ओरडले असते तर चाललं असतं.

२६ नोव्हें.
तिकडून उत्तर आलं. बदल चालेल. शुक्रवारी पाचच्या आत अ.ची सही हवी. नाहीतर जागा रद्द.
जिन्यात गाठलं तिला. "सही कर ना अशू. प्लीज. तुझीच जागा आहे."
"तुझी सोडलेली जागा नकोय मला. माझी हवी होती, पहिल्या दिवशी. आता आयुष्यभर ऐकायचं, मृणूने दिली म्हणून गेली. मी उपकार मानायचे का तुझे?"
तरी परत प्लीज म्हणाले. ती म्हणाली, "हे प्लीज माझ्यासाठी आहे की तुझ्यासाठी?" आणि खाली उतरून गेली.
निम्मं निम्मं, असं लिहिणार होते. खोटं आहे. बरंचसं माझ्यासाठी. तिने सही केली की मला झोप लागेल, म्हणून.

२७ नोव्हें.
दिवसभर फोन केला नाही तिला. चार वेळा नंबर काढला.

२८, शुक्रवार
डिपार्टमेंटला जायचं नाही असं ठरवूनही गेले. वरच्या व्हरांड्यात, मॅडमच्या केबिनसमोर बसले.
अ. सव्वातीनला आली. बरोबर काकी! कॉलेजात पहिल्यांदाच आल्या असणार. पदर डोक्यावरून घेतलेला, चपला केबिनच्या बाहेर काढल्या. मला पाहून थांबल्या. त्यांना कळलंय. आत गेल्या.
पंचवीस मिनिटं. मॅडमचा आवाज, मग काकींचा.
बाहेर आल्या. काकी चपला घालेपर्यंत अ. भिंतीला टेकून उभी. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.
"चल आई, बस जाईल."
काकी जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "जेवलीस का?"
मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नाही.
दोघी जिना उतरून गेल्या. मॅडमचं दार उघडंच होतं. सहीचा कागद टेबलावर असणार. आत जाऊन बघता आलं असतं, विचारता आलं असतं.
गेले नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.