खडवलीचा लोटा

२८ डिसेंबर १९५३
प्लास्टर संक्रांतीआधी निघणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले. कोलशेतच्या कारखान्यात जिन्यावरून पडला, पाय मोडला, तेव्हा दादानं हूं की चूं केलं नव्हतं. आज मात्र भिंतीकडे तोंड करून पडला. नवसाचं पाचवं वर्ष राहिलं!

उत्तराला, त्याच्या पोरीला, घटसर्प झाला तेव्हा मारुतीला बोललेला नवस. पाच वर्षं पौषातल्या दुसऱ्या शनिवारी खडवलीला नदीत बुडी मारायची, ओलेत्यानं लोटा भरायचा आणि कल्याणला देवळापर्यंत धावत आणायचा. एकट्यानं. लोटा भुईला टेकवायचा नाही, देवाच्या डोक्यावर पाणी पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दादाची चार वर्षं झाली.

वहिनी उत्तराला घट्ट धरून बसली होती. "पोरीला काही झालं तर?" एवढंच म्हणाली. मी बोलून गेलो — "मी आणतो." मी! जिना चढताना धापा टाकणारा कारकून!

३ जानेवारी १९५४
पहाटे खाडीपर्यंत धावलो. परत चालत आलो.

९ जानेवारी
थंडी मी म्हणतेय. पोटऱ्यांचे दगड झालेत. ऑफिसात खुर्चीवरून उठताना "आई गं" निघालं. शेजारच्या टेबलावरचा प्रभाकर म्हणाला, "अरे, पेन्शनीत निघालास काय?"

दादानं कुबड्या घेऊन उठावं, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. तो हात लावत नाही. मी विचारलं, "टिटवाळ्याच्या पुढे दम कसा राखायचा रे?" "होतं," म्हणाला आणि डोळे मिटले. केवढं केलं, पण बढाई म्हणून नाही!

१४ जानेवारी
तिळगूळ वाटला. पाय काही गोड बोलेनात.

१६ जानेवारी, शनिवार
झालं!

काल संध्याकाळीच खडवलीला जाऊन तिथल्या देवळात मुक्काम केला. पहाटे नदीवर धुकं. बुडी मारली आणि श्वासच अडकला. ओलं धोतर मांड्यांना चिकटलेलं, दात वाजतायत, लोट्याची कडी बोटांत रुतलेली. टिटवाळ्यापर्यंत कसाबसा आलो.

तिथं गाडी उभी! आमचा दूधवाला गुणाजी डब्यातून ओरडला, "अवो भाऊ, चला की! गारठून मराल!" उत्तर देता येईना. पाय आपोआप फलाटाकडे वळले, खरंच वळले. मग मनात आलं, दादा इथून चार वेळा पुढे गेला, चारही वेळा ह्याच थंडीत. लाज वाटली. पुन्हा वाटेला लागलो. गाडी माझ्या शेजारून निघून गेली. रडलो. पुढे धावणं कसलं, पाय ओढणं होतं. आंबिवलीला एका बाईनं शेकोटीशी बोलावलं, मान हलवली नि निघालो.

पाणी मारुतीवर घातलं. उत्तरानं तीर्थ घेतलं. पहिला शब्द निघाला — "चहा!"

घरी दादाला सगळं सांगितलं, टिटवाळ्याचंही. "तुझ्याच जोरावर आलो," म्हटलं. तो भिंतीकडे वळला. दमलो असेन म्हणून मला लागलं थोडं.

१७ जानेवारी
वहिनी पाण्याला गेल्यावर दादा म्हणाला, "हरी, मी चारही वर्षं टिटवाळ्याला गाडीत चढलो. पहिल्यांदा दम संपला म्हणून. मग सवय लागली. पाय मोडला तेव्हाच समजलो, ही त्याचीच शिक्षा."

मला असा राग आला! ज्याच्या जोरावर धावलो, ते कधी झालंच नव्हतं!

"तुझं एक वर्ष खरं," तो म्हणाला. "उरलेली चार माझी. कुबड्या दे."

दिल्या. दारापाशी पोचेपर्यंत घामानं निथळला, चौकटीला टेकायला गेला.

मी म्हटलं, "टिटवाळा आलंय दादा. चल पुढे."