जागा रिकामी करून घेण्याची रीत

४ मार्च
आज घराचा ताबा मिळाला! किल्ली हातात पडली तेव्हा, खोटे कशाला लिहू, चाळिशी उलटलेला हा गणिताचा मास्तर लहान मुलासारखा हरखून गेला. ही रोजनिशी मी मुद्दाम पद्धतशीर लिहिणार आहे, म्हणजे पुढेमागे कुणा नवख्या घरमालकाच्या उपयोगी पडेल. पहिला धडा असा: ज्या घरात जुना भाडेकरू ठाण मांडून बसलेला असतो, ते घर स्वस्तात मिळते, कारण इतर गिऱ्हाईक बिचकते. भाडेकरू उठला की त्याच घराचा भाव चढतो. सगळे कौशल्य या दोन वाक्यांच्या मधे आहे.

खाली दोन खोल्या, वर हुबेहूब तशाच दोन, बाहेरून लोखंडी जिना. खाली मी राहणार. वर कपडे शिवणाऱ्या एक बाई राहतात. त्यांना उठवून आजच्या दराने भाडेकरू ठेवला की आमचा संसार त्यावर चालेल, कारण नोकरी मी सोडली आहे. सौ. आणि लेक तोवर मेहुण्याकडे. तो सौ.ला टोमणे मारतो, ‘घरमालकीणबाई, चहा टाका.’ वरचे भाडे सुरू झाल्याशिवाय आपण येणार नाही, असे तिने बजावले आहे.

बाईंना भेटून आलो. मशीन न थांबवता म्हणाल्या, ‘या मालक. आधीचे मालकही असेच हसत आले होते.’ ते गृहस्थ पुढे कुठे गेले, हे दलालाला विचारले. तो म्हणाला, कुणास ठाऊक. घर त्यांच्या बायकोनेच विकले.

७ मार्च
मागच्या खोलीत जमिनीखालून टकटक येते. थांबते, पुन्हा येते. प्लंबरने फरशीला कान लावला आणि पाइपात हवा अडकल्याचे निदान केले. फरशीखाली पोकळी आहे. ती काँक्रीटने भरून टाकली की कटकट मिटेल, असे तो म्हणाला. दुसरा धडा: खर्च करायचा तो एकदाच आणि पक्का. लगेच भरून घेतली. ओतकाम चालू असता टकटक फार वाढली होती, मग एकदम बंद झाली. किती समाधान वाटले! बाई जिन्यात उभ्या राहून पाहत होत्या. आधीच्या मालकांनीही अगदी हेच केले होते, म्हणाल्या.

सौ.ला फोनवर सगळे समजावून सांगितले. ती आता माझे धडे वहीत उतरवून घेते. विद्यार्थिनी उत्तम आहे.

१६ मार्च
आता मुख्य विषय. भाडेकरूशी भांडू नये, कोर्टाची पायरी तर चढूच नये. दुरुस्ती काढावी. दुरुस्तीविरुद्ध कुणालाही तक्रार करता येत नाही, हीच तिची खुबी! नळ दुरुस्तीच्या नावाखाली काल वरचे पाणी बंद केले. बाई बादली घेऊन जिना चढतात-उतरतात. गुडघे दुखत असावेत, कठडा धरून मधेच थांबतात. पाहून मन द्रवते, पण तिसरा धडाच तो आहे: भाड्याच्या घरात भावना आणू नये. हे वाक्य लेकीकडून फोनवर पाठ म्हणवून घेतले.

आज सकाळी माझाही नळ कोरडा. प्लंबर म्हणतो, खालची जोडणी वेगळी आहे, असे व्हायला नको.

२३ मार्च
पाणी तोडूनही बाई जागा सोडेनात. भिंतीला ओल येते असे कारण दाखवून गवंड्याकडून त्यांच्या खिडकीच्या जागी विटा रचून घेतल्या. शिवायला उजेड लागतो, म्हणजे हा वार वर्मी बसणार. बाई एवढेच म्हणाल्या, ‘करा मालक, सावकाश करा.’

२४ मार्च
माझ्या खोलीला खिडकी नाही.

शांतपणे लिहितो. काल जिथे खिडकी होती, तिथे भिंत आहे. गिलावा जुना, रंग उडालेला, कोपऱ्यात कोळ्याचे जाळे. गवंड्याला फैलावर घेतले. तो म्हणाला, साहेब, मी खाली हातसुद्धा लावला नाही; आणि इथे खिडकी होती कधी? मजुरी न घेताच निघून गेला.

वरच्या विटा काढून टाकाव्यात, असा विचार क्षणभर मनात आला. परंतु माघार घेतली तर भाडेकरू डोक्यावर मिरे वाटतो. शिवाय मेहुण्याने लेकीला विचारले म्हणे, ‘तुझे बाबा अजून म्हातारीशीच झुंजतायत का?’ काय ते या आठवड्यात.

२७ मार्च
जिना काढवला. गंजला होता, असे सांगितले. बाई वरच होत्या. खाली यायची वाट नाही, उद्या स्वतःच हात जोडतील, मग उतरवून घेऊ आणि थेट दलालाच्या गाडीत बसवू. लोहार जायला तयार नव्हता. बाई वर आहेत, बाई वर आहेत, असे सारखे म्हणत राहिला. त्याला तिसरा धडा ऐकवला.

वर मशीन चालू आहे. अंधारात काय शिवतात?

२८ मार्च
दार नाही.

चारही भिंती हातांनी चाचपल्या. दुसऱ्या खोलीकडे जायची वाटही नाही. खाट नाही, टेबल नाही. हातात ही वही आणि पेन, खिशात फोन. फोनला उजेड आहे, रेंज नाही. छत खाली आले आहे, उभे राहता येत नाही — पायाखाली काँक्रीट. नवे.

मी ओतवलेले.

बहुधा २९
डोक्यावर माझी खाट सरकल्याचा आवाज. म्हणजे खोली वर आहे आणि मी तिच्या खाली — ओरडलो. घसा बसेपर्यंत.

नंतर
सौ. आली! लेकही. सगळे स्वच्छ ऐकू येते. सौ. रडत होती. हे असे न सांगता कुठे गेले? बाई, जिना नसताना खाली कशा आल्या कोण जाणे, तिला म्हणाल्या, पुरुषांना घर झेपत नाही, मालकीणबाई. तुम्ही हसा बघू जरा.

मी तिला हाक मारली. पुन्हा मारली.

लेक म्हणाली, आई, जमिनीतून टकटक येतेय.

—
हाक वर पोहोचते ती टकटक होऊन. म्हणजे त्या दिवशी फरशीखाली जो होता, तो टकटक करत नव्हता. तो —

मी त्याच्यावर काँक्रीट —

—
प्लंबर आला. तोच. फरशीला कान लावला असेल. मी त्याच्या कानाखाली ओरडतोय, माझे नाव, तिचे नाव, लेकीचे नाव. तो म्हणाला, पाइपात हवा. साहेबांनी मागे भरून घेतली होती, तरी पोकळी राहिलेली दिसते.

लेक रडतेय. म्हणतेय, बाबा टेबलावर असेच वाजवायचे, आई, भरू नका, थांबा ना. शहाणी पोर. माझी शहाणी —

सौ.च्या वहीची पाने उलटल्याचा आवाज. मग तिचा आवाज, माझ्याच सुरात, समजावून सांगावे तसा: बाबांनी काय शिकवलंय, बाळा? भाड्याच्या घरात —

लेकीने वाक्य पूर्ण केले. हुंदके देत. पाठ होते तिला.

किती भरायचे, प्लंबरने विचारले. सौ. म्हणाली, एकदाच आणि पक्के.

—
फरशीला भोक पाडले. उजेडाची रेघ. तिचा पाय दिसतो, जोडवे दिसते. हात पोचत नाही. मी इथे आहे, अगं मी इथे, खाली बघ, तुझ्या पायाशी —

‘आई, खूप वाढली गं टकटक.’

‘होईल बंद आता.’

वर मशीन चालू झाले. पहिला ओघळ गार आहे, वहीवर पड