वंदनेच्या कपाटातला खालचा कप्पा

मी, हर्षा नरेश रामटेके, वय अठ्ठावन्न, धंदा इंजिनिअर, मूळ गाव पवनी, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम टॅम्पिनीस, सिंगापूर, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, सकाळचा चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही; दडपण आणील असं घरात कोणी उरलेलंही नाही. येत्या बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजीचं कारण नाही. पुलांच्या बाबतीत मीही लोकांना आयुष्यभर हेच सांगत आले आणि मनातून धास्तावलेली राहिले, म्हणून हे लिहून ठेवते.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझे पती नरेश यांना हा विषयच नको असायचा. काढला की ते भाजी आणायला निघून जायचे. तरीही कुठे माझ्या सहीचा तसा कागद निघालाच तर तो रद्द समजावा.

कलम २. टॅम्पिनीसचा हा फ्लॅट, त्यातल्या सामानासह, माझी एकुलती मुलगी ऋता हिला मिळावा. तिलाच मी व्यवस्थापक नेमते. इथल्या नियमांप्रमाणे तिला तो ठेवता आला तर ठेवावा, नाही तर निर्वेधपणे विकावा. आईची आठवण म्हणून गळ्यात अडकवून घेऊ नये. सीपीएफची, म्हणजे इथल्या भविष्य निधीची, रक्कम मृत्युपत्रात येत नाही. तिचं नामांकन वेगळं केलेलं आहे, तेही ऋताच्याच नावाने.

कलम ३. माझी मापाची हत्यारं, म्हणजे लेझर मीटर, स्टीलच्या पट्ट्या, आणि माझे वडील गणपत मिस्त्री यांचा पितळी ओळंबा, ऋताला. ओळंबा तिने वापरावा असं नाही. पण भिंत सरळ आहे की नाही हे माणसाच्या तोंडाकडे बघून ठरत नाही, एवढं तो शिकवतो. मला शिकवून फारसा उपयोग झाला नाही, हे पुढच्या कलमात दिसेल.

आई लीलाबाईंचं शिवणयंत्र भाऊ मनोहर याच्याकडे आहे. ते माझ्या नावाचं होतं, हे त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. ते त्याच्याकडेच राहू दे. फक्त त्याने त्याला एकदा तेल घालावं. आमचं भांडण यंत्रावरून कधी नव्हतंच. त्याने ते गंजू दिलं यावरून होतं.

माझ्यामागे तेरावं वगैरे काही करू नये. मंडाईच्या दहनभूमीत दहन, मग इथल्या आमच्या बौद्ध मंडळाची साधी वंदना, आणि आलेल्यांना पोटभर जेवण. वडे घरी तळू नयेत, बाहेरून आणावेत.

कलम ४. आता लाजेचं कलम. हे मी तीन वेळा लिहून फाडलं.

हॉलमध्ये वंदनेचं सागवानी कपाट आहे. वरच्या भागात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. खालच्या कप्प्याला कुलूप असतं. त्यात पूजेचं सामान आहे असं सगळ्यांना वाटतं. त्यात साप आहे.

त्याचं नाव माइलो. बॉल पायथन जातीचा, बिनविषारी, कोकोच्या दुधाच्या रंगाचा. माइलो हे इथलं कोकोचं पेय, नाव त्यावरूनच ऋताने ठेवलं. या देशात घरात साप ठेवायला कायद्याने बंदी आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

नरेश गेले त्या वर्षी ऋताने तो आणला. तिची एक मैत्रीण देश सोडून चालली होती. हॉकर सेंटरमधून भात बांधून देतात तसल्या डब्यात, गुंडाळी करून बसलेलं ते पिल्लू होतं. मी घर डोक्यावर घेतलं. आपण परक्या मुलखात मान खाली घालून कष्टाने राहिलो, आणि आता पेपरात नाव येणार, असं बरंच काही बोलले. उद्याच्या उद्या मी तो रीतसर सरकारात जमा करणार, असं सांगितलं. तिने एकच विनंती केली: त्याला कालव्याकाठी सोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसातून मी वन्यप्राण्यांच्या खात्याला फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे माझं नाव विचारलं, आणि मी फोन ठेवून दिला. तेवढंच. ऋताला सांगितलं, दिला, चांगल्या ठिकाणी आहे. ती रडली. मग म्हणाली, “ओके लाह, आई. युअर हाउस, युअर रूल.” पुढे ती शिकायला मेलबर्नला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. रविवारी फोन करते, माझं बीपी विचारते आणि ठेवते.

मी त्याला का ठेवला, याचं खरं कारण नाव सांगायची भीती हेच होतं. पण त्यानंतर दुसरं कारणही जमा झालं, तेही लिहिते. नरेशनंतर संध्याकाळी घरात शिरताना दुसरं काहीतरी जिवंत आहे, याचा मला आधार वाटायचा. साप माणसाला ओळखत नाही म्हणतात. नसेल ओळखत. मी त्याला ओळखत होते.

आता त्याच्या पेटीविषयी. पिल्लू होतं तेव्हा माझ्या कपड्यांच्या कपाटात बुटांचं खोकं पुरलं, ऋतालाही पत्ता लागला नाही. मग पलंगाखालची कपड्यांची प्लास्टिकची पेटी, झाकणाला भोकं पाडून. पण साप वाढतो, आणि घरात लोक येतात. दर पौर्णिमेला मंडळाची वंदना माझ्याकडे असते, कारण हॉल मोठा आहे. लेकुरवाळ्या बायका पलंगावर पर्सा टाकतात, मुलं पलंगाखाली शिरतात. म्हणून मी विचार केला, या घरात कोणी हात लावणार नाही अशी जागा कोणती? आणि मला वंदनेचं कपाट दिसलं. त्याच्यापुढे प्रत्येक जण हात जोडून चार पावलं दूर उभा राहतो. माझ्या अकलेचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. मागच्या फळीला जाळी बसवली, आत हीट मॅट, थर्मोस्टॅट, पाण्याचा वाडगा, लपायला नारळाची करवंटी. काम सफाईदार आहे, नाव ठेवायला जागा नाही.

फक्त कप्पा अडीच फुटांचा आहे.

या जातीला अडचणीची जागा आवडते, असं मी एका पुस्तकात वाचलं आणि तेवढंच वाचून पुस्तक मिटलं. पुढच्याच पानावर, हे मी फार उशिरा वाचलं, लिहिलेलं होतं की लपायला जागा अडचणीची हवी, पण पेटी अशी हवी की सापाला अंग पूर्ण लांब करता यावं. मी स्टेशनच्या फलाटांचे आराखडे केलेत. माणसाच्या खांद्यांना किती जागा लागते हे मला झोपेतून उठवून विचारा. पण माइलोचं माप मी कधी घेतलंच नाही. कपाटाचं घेतलं, पाहुण्यांच्या नजरेचं घेतलं. त्याची कात आता सलग निघत नाही, तुकडे पडतात. आणि बाहेर पडायची वाट शोधत जाळीवर नाक घासून घासून त्याच्या नाकावरचे खवले गेले आहेत. ते मी रोज बघते.

गेल्या वैशाख पौर्णिमेला शुभदाताई पंचशील सांगत होत्या. मंडळातल्या त्या सगळ्यात वडील, आणि त्यांच्या जिभेला मी सगळ्यात भिते. खोटं न बोलण्याचं चौथं शील आम्ही सगळ्यांनी एका आवाजात घेतलं आणि खालून धप्प आवाज आला. विद्यापीठात संशोधन करणारा आमचा चंद्रशेखर पुढे बसला होता, त्याने कपाटाकडे बघितलं. मी म्हणाले, एसीचा पाइप आहे. शीलाचे शब्द अजून तोंडात होते. त्याच दिवशी शुभदाताई बर्फ काढायला फ्रीजर उघडायला गेल्या, तर मी त्यांच्या हातून दार जवळजवळ हिसकावून घेतलं. तिथे आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर असतात. ते कुठून मिळतात हे लिहीत नाही. त्या माणसालाही घरदार आहे. लोकांना वाटलं, बाई दमली आहे. तीन वर्षं मला भीती होती की माझी लाज निघेल. ती निघाली नाही, आणि तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कलम ५. तेव्हापासून मी पेट्या बघत आहे. काचेच्या चांगल्या दिसतात पण ऊब धरत नाहीत. जाळीच्या झाकणाच्या पेटीतला ओलावा एसीने उडून जातो. शेवटी एक ठरवली: चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, लाकडी, पुढून सरकत्या काचा. वरून हात घालायचा नाही, कारण वरून येतं ते झडप घालणारं असतं, असं त्यांना वाटतं. दोन टोकांना लपायच्या दोन जागा, एक उबेकडे, एक गारव्याकडे. हॉलमध्ये नरेशांचा सोफा काढला तर ती बरोबर बसते. मी भिंत मोजूनही ठेवली.

मग मी सोफ्यावर बसले आणि मला कळलं की मी पेटी निवडत नाहीये, वेळ काढते आहे. हॉलमध्ये ठेवली तर पहिला पाहुणा बघणार. लपवायची तर ती पुन्हा लहानच होणार. माझ्या घरात त्याला पुरेल अशी पेटी ठेवताच येत नाही. हे तीन वर्षांपूर्वी एका फोनने संपलं असतं. आणि बुधवारी मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले, तर या कुलपाची किल्ली कशाची हे जगात कोणालाही माहीत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या घरी दिव्याखाली एक जीव कोंडून उपाशी मेला असता.

म्हणून लिहिते: किल्ली बुद्धमूर्तीच्या मागे आहे. मी नसेन तर ऋताने किंवा साक्षीदारांनी कप्पा उघडावा. तो चावत नाही, लाजतो. त्याला बाहेर कुठेही सोडू नये, विकू नये, लपवू नये. वन्यप्राण्यांच्या खात्याला फोन करून, माझं नाव स्पष्ट सांगून, जिवंत ताब्यात द्यावा. ते त्याचं पुढे काय करतील हे मला ठाऊक नाही. कदाचित त्याला ठेवून घेणार नाहीत. याच भीतीला मी इतकी वर्षं दया म्हणत आले.

कलम ६. माइलोची पहिली सलग कात ऋताच्या शाळेच्या कंपासपेटीत आहे. ती ऋताला.

कपाट मंडळाला द्यावं. शुभदाताईंना द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यांना साक्षीदार केलं ते मुद्दाम. जिच्या समोर तोंड दाखवायला नको वाटतं, तिच्यासमोरच सही करावी, असं ठरवलं.

पुरवणी, सहीच्या आधी, त्याच टेबलावर. वरचा मजकूर ऋताने मी गेल्यावर वाचावा असं धरून लिहिला होता. दुपारी शुभदाताई आणि चंद्रशेखर आले, जयभीम झाला, चहा झाला, आणि पेन हातात घेतल्यावर मला वाटलं, मेल्यावर खरं बोलण्यात कसलं आलंय शील. मी उठले आणि कप्पा उघडला.

चंद्रशेखर दोन पावलं मागे सरकला, मग गुडघ्यावर बसला. शुभदाताईंनी पाय सोफ्यावर घेतले. मग म्हणाल्या, “हर्षा, इतकी वर्षं मी याच्यापुढेच डोकं टेकत होते का गं?”

मी हो म्हणाले. त्या रागावतील म्हणून मी थांबून राहिले. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सांगितलं, तो गॅसपाशी जाऊ नये म्हणून.

माइलोला मी फरशीवर ठेवलं. आधी तो नेहमीसारखा गुंडाळी करून बसला. मग त्याने डोकं काढलं आणि सोफ्याच्या पायापासून हळूहळू सरळ होत गेला, होतच गेला. या घरात मी त्याला असा लांब झालेला कधी पाहिला नव्हता. चंद्रशेखरने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. चार फूट दोन इंच.

ऋताला व्हिडिओ कॉल केला. रविवार नाही बघून ती घाबरली. मी फोन फरशीकडे वळवला. तिने लगेच ओळखलं. त्याचं नाव घेतलं आणि तोंडावर हात धरला. मी सगळं सांगितलं: फोन ठेवून दिला ते, कपाट, पाइप. खोटं का बोललीस, हे ती विचारील म्हणून मी उत्तर जुळवत होते. ते तिने विचारलंच नाही. ती त्याच्या नाकाकडे बघत होती.

“आई, इनसाइड दॅट कबर्ड, ही कॅन स्ट्रेच ऑर नॉट?”

मी म्हणाले, “नाही.”

फोन तिने ठेवला नाही. हे लिहीत असताना तो टेबलावर चालू आहे. सोमवारी सकाळी, माझ्या नावाने, मी खात्याला फोन करणार आहे. त्यांची माणसं येतील तेव्हा शुभदाताई इथे बसणार आहेत. तोपर्यंत माइलो हॉलमध्ये आहे आणि कप्प्याचं दार उघडं आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव घालत आहे.

सही: हर्षा नरेश रामटेके

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून हर्षाताईंना सही करताना पाहिलं. कप्प्यात कोण होतं तेही पाहिलं, आणि त्याचं माप बरोबर आहे.

साक्षीदार १: शुभदा मेश्राम
साक्षीदार २: चंद्रशेखर ढोके

स्थळ: टॅम्पिनीस, सिंगापूर
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार