कच्च्या पिशव्या

देवपूर, धुळे
भर दुपार

प्रिय मित्र आधार यास,

सत्तार मास्टरचा जयभीम. (मी जयभीम म्हणायचं आणि तू सलाम, हा आपला तिसरीच्या वर्गातला करार अजून मोडलेला नाही असं धरून चालतो.) द्रौपदावहिनींचा गुडघा कसा आहे? सावद्याला ऊन कसं आहे? तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? हा शेवटचा प्रश्न मी नुसत्या काळजीपोटी विचारत नाही, हे तुला पुढे कळेलच. इकडे आमच्या रुखसारला मुलगी झाली. हमीदा लेकीपाशी शिरपूरला आहे आणि उद्या संध्याकाळी परत येते आहे. माझी प्रकृती तशी ठीक, पण छाती सकाळपासून पायमशीनसारखी धडधडते आहे आणि दोरा कधी तुटेल याचा नेम नाही.

तू पाठवलेला मोतीलाल पिकअपसह सुखरूप पोचला. तो खाली जिन्यापाशी चहा पितो आहे. हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे. फोन का केला नाही, असं विचारू नकोस. फोनवर जे झालं ते झालं. आता मी तुझ्याशी फक्त लेखी बोलणार.

तर मूळ हकिगत अशी. आमच्या बिल्डिंगच्या भिंती शेवाळाने आणि कबुतरांच्या कृपेने काळ्या पडल्या होत्या. रंग देण्याआधी त्या धुवायच्या असं सोसायटीचे सेक्रेटरी नवलभाऊ यांनी ठरवलं. जळगावहून अरशद नावाचा गडी मशीन घेऊन आला. त्या मशीनच्या नळीतून पाणी असं सुटतं की भिंतीवरचं शेवाळच काय, जुना रंगसुद्धा लाजून खाली उतरतो. पण नुसत्या पाण्याने भागत नाही म्हणून आधी भिंतीला एक औषध मारतात. (त्याचा वास घेतल्यापासून मला सगळ्या जेवणाला फिनेलची चव लागते.) हे औषध भिंतीला गुण देतं आणि खालच्या झाडांचा जीव घेतं. शेजारच्या कॉलनीत असंच धुणं झालं, तेव्हा चार दिवसांत तिथली जास्वंद उकडलेल्या मेथीसारखी झाली होती. ती मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

आणि आमच्या बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीवर मधुमालतीची वेल आहे. तीच ती. हमीदा लग्न होऊन आली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून तिने माहेरची एक काडी आणली होती, तीच आज दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली आहे. संध्याकाळी पांढरी उमलते, सकाळपर्यंत गुलाबी होते आणि दुपारी लाल, जणू एकाच मुलीचं सारं वय दिवसभरात बघावं. (हे तुला कवितेसारखं वाटेल. वाटू दे. वर्गात पहिली ओळ नेहमी मीच म्हणायचो, आणि तू दुसरी विसरायचास, आणि गुरुजींची छडी दोघांनाही बसायची.) नवलभाऊंचं म्हणणं, वेल सरळ कापून टाका, रंगात अडचण होते. मी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, धुण्यातून वेल वाचवायची जबाबदारी माझी. ते म्हणाले, “मास्टर, पान जरी जळलं तरी मी कोयता मागवतो बरं का.” हे मी हमीदाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बेल सूखी, तो मैं इधरच रहूँगी. समझे?” समजलो. आधार, माझं उरलेलं आयुष्य त्या वेलीला टांगलेलं आहे.

उपायही तिनेच सांगितला. आधी झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत साध्या पाण्याने चिंब करायची, म्हणजे औषध आत शिरत नाही. मग झाकायची, पण प्लास्टिकने नाही, कारण या उन्हात त्याच्याखाली झाडाची दम बिर्याणी होईल. वारा जाईल असं पातळ कापड हवं, आणि धुणं झालं की लगेच काढून पुन्हा पाणी. पातळ, वारा जाणारं कापड! माझ्या डोळ्यांपुढे तुझी केळीची बाग उभी राहिली. मागच्या हिवाळ्यात आलो होतो तेव्हा तुझ्या घडांवर त्या पांढऱ्या पिशव्या चढवलेल्या होत्या. चांदण्यात हजार कंदील लटकावेत तशा दिसत होत्या. मी तिथेच थबकलो होतो आणि तू मला साप आहे का म्हणून विचारलं होतंस. तर म्हटलं, याच त्या. लगेच तुला फोन लावला.

आता फोनवर काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे तंटा नको. मी म्हणालो, “आधार, केळीच्या पिशव्या पाठव.” तू म्हणालास, “किती?” मी म्हणालो, “बिल्डिंगभर लागतील. परवा आंघोळ आहे.” मी बिल्डिंगच्या आंघोळीबद्दल बोलत होतो. तू म्हणालास, “अरे वा! मुबारक!” तेव्हाच मला शंका यायला हवी होती की तू नातीच्या छठीची, म्हणजे सहाव्या दिवसाची, आंघोळ समजलास आणि बिल्डिंगभर केळी वाटायची आहेत असं धरलंस. पण मी मनात वेलीवर एक ओळ जुळवत होतो. मग तू विचारलंस, “कच्च्या का पक्क्या?” आता तूच सांग, पन्नास वर्षं शाळेचे गणवेश शिवलेल्या माणसाला कच्च्या म्हणजे काय वाटणार? कच्चा टाका! मला वाटलं पिशव्यांना नुसते धावते टाके घातलेले असावेत. मी म्हणालो, “कच्च्याच पाठव, मी इथे पक्क्या करून घेतो.” आणि तू समाधानाने फोन ठेवलास.

आज सकाळी मोतीलाल आला. पिकअपमध्ये पोती. एका पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून हिरवं केळं बाहेर डोकावत होतं, अगदी मला वाकुल्या दाखवल्यासारखं. मोतीलाल म्हणतो, “आधारआबांनी सांगितलंय, हा पहिला माल. उरलेला उद्या पहाटे घेऊन येतो.” उरलेला! मला रागाने काही सुचेना. पोती जिन्याखाली रचून टाकली, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तेवढ्यात अरशदने मशीन सुरू केलं.

फाटकाकडची भिंत आधी होती. तिच्याखाली कुंड्यांची रांग. पाणी तर मी पहाटेच मारलं होतं, पण झाकायला घरात काही नाही. मग आठवलं, दुकान बंद केलं तेव्हाची पेटी माळ्यावर आहे. शिवून तयार केलेले पण कुणी न्यायला न आलेले गणवेश. (एका मुलाचा बाप बदलून गेला, एकाने शाळा सोडली, एक उन्हाळ्याच्या सुटीत एवढा वाढला की सदरा त्याच्या बेंबीवर आला.) काढले सगळे. जास्वंदीला आठवीचा पांढरा सदरा चढवला, बटणं लावली. तगरीला चौथीचा. क्रोटनला पिनाफोर बरोबर बसला, जणू मापानेच शिवला होता. कोरफडीला काही चढेना, तिच्या डोक्यावर खाकी चड्डी घातली. आणि आधार, मागे सरून बघतो तर काय! सगळी रांग पांढरी स्वच्छ, ताठ, प्रार्थनेला उभी. लहानपणी मला गुरुजी व्हायचं होतं हे तुला ठाऊक आहे. लोकांनी मास्टर म्हटलं, पण कात्रीमुळे. आज पहिल्यांदा माझ्यापुढे वर्ग होता. मी हात मागे बांधले आणि तोंडून कविता सुरू झाली, तालावर, आपण म्हणायचो तशी. दुसऱ्या कडव्याला अरशदच्या नळीने मला पाठीमागून गाठलं. वर दोरांनी टांगलेल्या झुल्यावर बसून तो ओरडत होता, “चाचा, हटो! औषध आहे!” मी तसाच ओला वर्गाभोवती बादल्या घेऊन धावलो. धुणं झाल्याबरोबर एकेकाचा सदरा उतरवून आंघोळ घातली. सगळे पास. कोरफड जरा नाराज दिसते, पण ती मुळातच तशी.

त्यानंतर वेल भिंतीवरून उतरवायची होती. वरून चिंधा, म्हणजे अरशदचा जोडीदार, वेलीला बांधलेला दोर हळूहळू सोडणार, खाली मी चादर पसरून उभा. बांधलेला एकेक दोरा सुटत होता आणि वेल भिंतीपासून दूर होत होती, जसं झोपलेलं मूल कुणी कडेवरून काढावं. मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, “वेली, उतर हळू गं खाली, दोराची ही पालखी आली.” ही ओळ माझीच, तिथेच सुचलेली. पण चिंधाला त्यातलं फक्त “उतर” आणि “खाली” एवढंच ऐकू गेलं. त्याला वाटलं हुकूम झाला. त्याने दोर एकदम सोडून दिला! वेल धाडकन आली आणि पहिल्या मजल्यावरच्या कपडे वाळवायच्या दांडीला अडकून लोंबकळत राहिली. नवलभाऊ खिडकीतून बघत होते. अरशद झुल्यावरून सरकत आला, दांडीवरून एकेक फांदी त्याने सोडवली आणि कुणाच्या तरी ओल्या टॉवेलसकट वेल माझ्या चादरीत अलगद ठेवली. बुंधा शाबूत आहे. चार शेंडे मोडले, ते मी खिशात लपवले.

आता ती भिंतीच्या पायथ्याशी सावलीत निजली आहे. दर्शनी भिंत उद्या सकाळी धुणार. तोवर मला धीर धरायचा आहे. मोतीलाल हॉर्न वाजवतो आहे, म्हणून थांबतो. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र,
सत्तार

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. उद्याच्या गाडीने केळी पाठवू नकोस. पिशव्या पाठव. घडावर चढवतात त्या. रिकाम्या. पुन्हा लिहितो, रिकाम्या.

ता. क. दोन – मोतीलाल जेवून गाडीतच झोपला, म्हणून हे पत्र अजून माझ्याजवळ. दरम्यान घात झाला. उद्या पाण्याचा टँकर मिळणार नाही म्हणून अरशदने दर्शनी भिंत आजच घेतली. मी ओरडत खाली धावलो, पण वरून औषधाची धार सुटलेली! वेल बादलीने भिजवली, आणि घरात हात घातला तेव्हा हाती लागला तो बैठकीचा पडदा, हमीदाने ईदेला हौसेने घेतलेला, गर्द हिरवा. तो वेलीवर पांघरून मी स्वतः तिच्याजवळ बसून राहिलो. धुणं संपताच काढला आणि टाकीतलं उरलेलं पाणी वेलीवर ओतलं. आता तिन्हीसांज झाली. आधार, तिच्यावर पांढऱ्या कळ्या उमलल्या आहेत! नवलभाऊ स्वतः खाली आले, पानं उलटी-पालटी करून बघितली आणि म्हणाले, “बांधा पुन्हा वर. पण कविता म्हणू नका.”

ता. क. तीन – आमच्या झाडलोटीच्या बेबाबाईने आत्ता भाजीला केळी हवीत म्हणून एक पोतं उघडलं आणि आरोळी ठोकली, “मास्टर, केळासना आंगवर झबला शेतस!” केळ्यांना झबली? जाऊन बघतो तर तुझा एकेक घड त्याच पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेला. गाडीत डाग पडू नयेत म्हणून म्हणे. सगळ्या पोत्यांत आहेत. दिवसभर जिन्याखालीच होत्या. तुझ्याबद्दल वर जे काही लिहिलं आहे ते वाचू नकोस. पिशव्याही आता नकोत.

ता. क. चार – एकच काम कर. औषध पडलं तिथे पडद्याचा रंग उडाला आहे. जागोजागी पांढऱ्या पानांची नक्षी उमटली आहे, दिसते सुंदर, पण हे मी हमीदाला सांगू शकत नाही. पडदा नमुना म्हणून द्रौपदावहिनींनी मागवून घेतला, असं त्यांनी तिला उद्या फोन करून सांगावं. (फोन त्यांनीच करावा. तू करू नकोस.) मोतीलालच्या हाती केळीची एक पिशवी परत पाठवतो आहे. तिच्यात केळी नाहीत.