एनॉक पेनफोल्डची विहीर

३ मे १९५८
पोहोचलो एकदाचा. टपाल खात्यातून निवृत्त झालो, आता महिनाभर ससेक्समधल्या या खेड्यात राहून आजोबांचा माग काढायचा. भाड्याचं घर चिमुकलं, पण परसात सफरचंद फुललंय. शेजारच्या एकहर्स्टबाई, वय शहाऐंशी, अंडी घेऊन आल्या. आडनाव ऐकून म्हणाल्या, पेनफोल्ड परत आले म्हणायचे! आजोबा एनॉक विहिरी खणायचे. बायको केझाया आणि चार मुलं टाकून पळाले, एवढंच आम्हाला माहीत. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत त्यांचं नाव घेतलं नाही.

५ मे
पाद्रीबाबांनी चर्चची जुनी दप्तरं काढून दिली. आजोबांचं लग्न सापडलं; सहीच्या जागी फुली. आणि दफनही सापडलं. ९ मार्च १८७४, वय एकतीस. पळालेल्या माणसाचं दफन कसं? सगळी दफनभूमी पालथी घातली, थडगं नाही. दुपारी परसातल्या, दगडानं झाकलेल्या विहिरीकडून ठोके ऐकू आले. सुतारपक्षी असावा.

६ मे
एकहर्स्टबाईंना विचारलं. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली. मग सांगितलं. ही विहीर खणताना कड ढासळली, आजोबा खाली अडकले. माती सरकतच होती, जो उतरला असता तो मेलाच असता. तिसऱ्या दिवशी तोंडावर दगड ठेवला आणि तेव्हाच्या पाद्र्यानं अंत्यप्रार्थना म्हटली.
"तेव्हा ते खालून ठोकत होते रे," बाई म्हणाल्या. "माझा बाप तिथं उभा होता. प्रार्थना संपेपर्यंत ठोकत होते."
तोंड बंद ठेवावं म्हणून जमीनदारानं केझायाला हे घर जन्मभरासाठी दिलं. पळून गेले, असं मुलांना तिनंच सांगितलं.

८ मे
सुतारपक्षी नाही. तीन ठोके, मग शांत, मग तीन. मी कुदळीनं दगडावर तीनदा ठोकलं. लगेच उत्तर आलं — खालून.

९ मे
पहारीनं दगड सरकवला. ओरडून सांगितलं, मी तुमचा नातू, जेसीचा मुलगा. वडिलांनी जन्मभर उगाच तुमचा राग —

खालून आवाज आला. मातीनं भरलेला.
"केझाया आहे का वर?"
आहे, म्हणालो.

१० मे
एकहर्स्टबाई कुंपणापाशी येऊन रडल्या. विहिरीत दोर सोडू नकोस म्हणाल्या. सोडला. झाडाला बांधलाय. ताणलाय — माणसाएवढं वजन. ओढतो, टेकतो, लिहितो. काय सांगू त्यांना —
कडेवर बोटं आली. एकालाही नख नाही. केझायाचंच नाव घेतायत. मी खोटं बोललो, हे आता त्यांना —