पॅडच्या मशीनचा गल्ला

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

वायसर! नटबोल्टाला लावतात ते लोखंडी वायसर, अगदी पाचच्या नाण्याएवढे. पॅडच्या मशीनचा गल्ला आज पहिल्यांदा उघडला आणि नाण्यांत हे तेवीस तुकडे. पाचचं नाणं टाकलं की पाळीचा एक पॅड देणारं हे मशीन बसवून महिना झाला नाही!

शंभर मुली आहेत वसतिगृहात. सगळ्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. त्यांना सहा महिने जेवू घालायचं, अभ्यासाला बसवायचं, तापात उशाशी बसायचं — ते मी, बबिता मॅडमनं, करायचं. आणि बदल्यात हे.

सत्यशीला वहिनीसाहेबांचा फोन आला. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह, त्यांच्या या मंडळी. "बबिताताई, मशीन आमच्या नावानं लागलंय. पेपरात फोटो आलाय. अन् महिन्यात असे हाल?"

मी काय हाल केले? मी टाकले वायसर?

१९ नोव्हेंबर

प्रार्थनेनंतर सगळ्यांना उन्हात उभं केलं. अर्धा तास. "ज्यांनी टाकले त्यांनी पुढं या." कोणी हललं नाही. एकीला भोवळ आली, तिला सावलीत बसवलं. बाकीच्या उभ्याच.

एकही तोंड उघडलं नाही. एकी भारी यांची!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बीडहून मिस्त्री आला, उत्तरेश्वर नावाचा. शांत माणूस. मशीन उघडून दाखवलं. नाणं पडतं तिथं एक खाच आहे, ती फक्त आकार बघते. पाचएवढं गोल काहीही पडलं की मूठ फिरते आणि पॅड खाली. त्यानं खाचेत चुंबक बसवलं. आताचं पाचचं नाणं पितळी, ते सरळ खाली जातं. लोखंड तिथंच चिकटून बसतं.

मी विचारलं, झालं का मग काम?

म्हणाला, "वायसरचं झालं. पर मॅडम, ह्यो आकडा बघा. मशीननं दोनशे बारा पॅड दिलेत. वायसर तेवीस. म्हंजी नाणी एकशे एकोणनव्वद पाहिजेत. हायेत एकशे एकतीस."

अठ्ठावन्न नाणी गल्ल्यातून गेली. कुलूप जसंच्या तसं.

"वायसर टाकणारा अन् गल्ला उघडणारा येकच असंल, असं न्हाई बरं का," तो निघताना म्हणाला. मिस्त्रीनं मिस्त्रीचं काम करावं. मला कळतं. एकदा फुकट घ्यायची चटक लागली की माणूस तिथंच थांबत नाही.

गल्ल्याच्या किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात, दुसरी संस्थेच्या ऑफिसात. ऑफिसला कायम कुलूप. म्हणजे माझीच काढतात! आंघोळीला जाताना मी किल्ली खुंटीला अडकवते. उद्यापासून गळ्यात ठेवूनच आंघोळ.

२५ नोव्हेंबर

आंघोळीला किल्ली गळ्यात. साबणानं दोरा बुळबुळीत झाला. दुसरा घातला.

२ डिसेंबर, सोमवार

परत कमी. चुंबकामुळे वायसर बंद झाले, पण आठवड्याच्या हिशोबात नाणी अकरा कमी. मला वेडी करायला निघालेत.

आज एक युक्ती केली. गल्ल्यात वीस नाणी होती. मुलींकडून जप्त केलेली नेलपॉलिशची बाटली कपाटात पडलीच होती. प्रत्येक नाण्यावर आकड्याच्या बाजूला बारीक लाल ठिपका दिला. वाळवली आणि परत गल्ल्यात टाकली. मशीनच्या गल्ल्यातून नाणं फक्त कुलूप उघडूनच बाहेर येतं. आता जिच्याकडे लाल ठिपका, ती चोर. सुटका नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सापडली!

पेट्या तपासल्या. अगोदर कोणालाच सांगितलं नाही. सगळ्यांना ओसरीवर बसवून एकेक पेटी उघडली. रोहिणी — दहावीची, ऊसतोड्या धर्मराजची पोर, वर्गात पहिली दुसरी येणारी. तिच्या कंपासपेटीत सात नाणी. सातही लाल ठिपक्याची. आणि तळाला रुमालात गुंडाळलेले चार वायसर!

मला वाटलंच नव्हतं ही असेल. त्याचाच जास्त राग आला. हिला मी रात्रीच्या अभ्यासाला माझ्या खोलीत बसू देत होते.

"बोल," म्हटलं.

"नाणी टपरीवरची हायेत, मॅडम. वडलांनी पन्नासची नोट दिलती, ती मोडली."

"आणि हे वायसर? तेही टपरीवर मिळतात?"

मान खाली.

सगळ्यांसमोर सांगितलं — ही चोर आहे, नीट बघून घ्या. दोन-तीन जणी रडायला लागल्या. रोहिणी नाही रडली.

तिच्या बापाच्या मुकादमाला फोन लावला. म्हटलं, पोरीला घेऊन जा.

९ डिसेंबर

धर्मराज आला. तेलगावकडे त्यांची टोळी आहे, तिथून दोन गाड्या बदलून. हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी सगळं सांगितलं, वायसर दाखवले. त्यानं एक वायसर हातात घेऊन उलटा-पालटा केला. म्हणाला, "उसाच्या ट्रालीचा दिसतोय." बस, एवढंच.

मला वाटलं होतं तो भांडेल. नाहीतर पोरीला चार थोबाडीत देईल. मी तयारीत होते. त्यानं फक्त पेटी उचलून डोक्यावर घेतली. "चल बाई."

फाटकापाशी थांबून मला विचारलं, "परीक्षेला तरी बसू देताल का?"

मी म्हटलं, ते शाळा ठरवेल.

रोहिणीनं मागं वळून पाहिलं नाही.

१० डिसेंबर

बरं वाटलं. शिस्त लागेल.

१६ डिसेंबर

जेवताना मुली गप्प असतात. मी आले की वाटीचासुद्धा आवाज नाही. असू दे.

२८ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी फाटकाच्या टपरीवरून दुधाची पिशवी आणली. टपरी आमच्या शिपायाच्या, गहिनीनाथच्या बायकोची. शंभराची नोट दिली. तिनं सुट्टे दिले — दोन दहाच्या नोटा, बाकी सगळी चिल्लर. म्हणाली, "नोटा न्हाईत, मॅडम. चिल्लर लई साठलीया."

खोलीत येऊन टेबलावर ओतली. पाचची नऊ नाणी. सहांवर लाल ठिपका.

खुर्चीवर बसून राहिले. दूध उतू गेलं ते वासावरून कळलं.

परत गेले. शांतपणे विचारलं, एवढी चिल्लर कुठून येते गं? ती बिचारी सरळ. "हे आणत्यात की मशीनची. वहिनीसायबांनीच सांगितलंय म्हनं, पोरींना सुट्टे लागत्यात म्हनून."

ऑफिसच्या कुलपाची किल्ली गहिनीनाथकडे असते. झाडायला उघडतो तो. रोज. एकोणीस वर्षं मी हे बघतेय, रोज सकाळी साडेसातला, माझ्या डोळ्यांसमोर! आणि मी काय लिहून ठेवलंय — ऑफिसला कायम कुलूप!

पोरीनं सांगितलं होतं. टपरीवरची आहेत म्हणून.

३० डिसेंबर

वहिनीसाहेबांकडे गेले. नाणी दाखवली, टपरीचं सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. हात थांबला नाही.

"गहिनीनाथ घरातला माणूस हाय, बबिताताई. निवडणुकीत दोन महिने पायाला भिंगरी बांधून फिरला. दहा-वीस नाण्यांवरून त्याची अब्रू काढायची का?"

मी म्हटलं, पोरीची काढली तशी?

"ती तुम्ही काढली."

मग म्हणाल्या, "मानधनावर हाय तुमी. एवढं ध्यानात असू द्या."

खोलीवर येऊन तीन पानी तक्रार लिहिली. एक प्रत अध्यक्षांना, एक बीडला वरच्या ऑफिसात. रजिस्टर पोस्टानं. आकडे, तारखा, उत्तरेश्वरची पावती, सगळं जोडलं. घ्या आता. माझी पण अब्रू आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

तेलगावला गेले. टोळी शोधायला दोन तास. रस्त्याच्या कडेला राहायच्या कोप्या, पाचटाचा धूर, टँकरभोवती घागरी. रोहिणी मोळ्या बांधत होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मला पाहिलं आणि परत कामाला लागली.

तिच्या आईनं, चंद्रभागाबाईनं, पोतं टाकून बसवलं. चहा ठेवला. मी म्हटलं, चूक झाली, नाणी शिपायानं काढली होती.

रोहिणी उभ्याउभ्याच म्हणाली, "वायसर मीच टाकले."

किती, म्हटलं.

"बाराचौदा असतील. बाकीचे दुसरींनी. आमी सांगनार न्हाई कुनी टाकले ते. मी आईला पॅड धाडले. फडात पानी न्हाई, आडोसा न्हाई. दिवसभर त्येच कापड. जखमा झाल्यात्या. दवाखान्यात सांगितलं, गर्भाची पिशवी काढून टाका." मग म्हणाली, "आई पस्तीस वर्षांची हाय, मॅडम."

चंद्रभागाबाई चुलीत फुंकत राहिली. पोरीनं हे बोलायला नको होतं, असं तिच्या पाठीवरून दिसत होतं.

मी रागावले. खरंच रागावले! मला सांगितलं असतं तर? कपाटात जादा खोके पडले आहेत. "मला कावून नाही सांगितलंस?" म्हटलं. अनेक वर्षांनी असं गावाकडचं तोंडातून आलं.

"तुमाला?" ती म्हणाली.

चल म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल, बसचं भाडं मी भरते, माझ्या खोलीत राहा. माझ्या तक्रारीची चौकशी लागेल, त्यात खरं ते सांग.

"तुमी मला शंभर पोरींम्होरं चोर म्हनलात. तितंच परत येऊ?"

धर्मराज मध्ये पडला. "मॅडम, मुकादम बघतोय. तुमी जावा."

गेले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात कचरा गेला का. धुरानं होतं, म्हटलं.

१३ जानेवारी

चौकशी लागली. वरून पत्र आलंय, तक्रारीची शहानिशा करून कळवा. करणार कोण? संस्थाच! समितीत विजयसिंह, त्यांचे पुतणे अमरसिंह आणि शाळेचे जुने हेडमास्तर अर्जुनराव. हसायला आलं. पण कागद माझ्या बाजूनं आहेत. मशीनचा आकडा खोटं बोलत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

रोहिणी आली! संस्थेच्या जीपमधून. तिची पेटी गहिनीनाथनं उतरवून घेतली. माझ्याकडे बघून म्हणाला, "राम राम, मॅडम."



१७ जानेवारी, शुक्रवार

चौकशी. अमरसिंहांनी जबाब वाचून दाखवला. रोहिणीचा, दहावी अ. "गल्ला उघडून नाणी बबिता मॅडम घेत होत्या. मी दोनदा पाहिलं. माझ्या पेटीत नाणी त्यांनीच ठेवली." खाली सही. वळणदार, एकही खाडाखोड नाही. ते वळण मीच लावलंय तिच्या अक्षराला.

ती कोपऱ्यात उभी होती. समितीत नसूनही येऊन बसलेल्या वहिनीसाहेब म्हणाल्या, "पोरगी कशाला खोटं बोलंल?"

अर्जुनराव चष्मा पुसत बसले. त्यांना कळलं होतं.

माझ्यावर चोरीचं आरोपपत्र, मंगळवारपर्यंत खुलाशाची मुदत. सहज देता येईल. दोनदा पाहिलं म्हणते, जबाबात दिलेल्या त्या तारखांना मी बीडला प्रशिक्षणात होते, हजेरीवर सही आहे. पाच मिनिटांत जबाब खोटा पडेल. विजयसिंह स्वतःच म्हणाले, "पण बबिताताई, जबाब खोटा ठरला तर त्या पोरीला आम्हाला ठेवता येणार नाही. बघा बुवा."

संध्याकाळी नळावर रोहिणी एकटी भेटली. कार्टीचा गळा धरावा असं वाटलं.

"का केलंस?"

"सही केली तर परीक्षेपर्यंत ऱ्हा म्हनले. न्हाई तर फडात." बादली भरली, नळ बंद केला. मग म्हणाली, "तुमी तरी तवा मपलं म्हननं कुठं ऐकलं?"

बादली घेऊन गेली. पाणी हिंदकळू दिलं नाही.

१९ जानेवारी

खुलासा लिहून झाला. दीड पान. चांगला जमलाय. विजयसिंहच काय, कोणीही खोडू शकणार नाही. सगळ्यांची नावं घेतलीत, एकेकाची. भाऊ त्रिंबक फोनवर म्हणाला, "सोडू नगंस त्या पोरीला." मी म्हटलं, सोडते होय!

२१ जानेवारी, मंगळवार

विजयसिंहांकडून आधी लेखी घेतलं, रोहिणी परीक्षेपर्यंत वसतिगृहात राहील, कोणत्याही कारणानं काढणार नाही. शिक्का मारून. अर्जुनरावांची साक्षीला सही.

मग त्यांनी माझ्या आरोपपत्राचा कागद पुढं सरकवला. दीड पानाचा खुलासा पिशवीतच राहू दिला. मी लिहिलं — मान्य.